पंगतीसाठी स्क्रॅम्बल्ड एग : ओव्हनची रीत

दोन अंड्यांचे स्क्रॅम्बल्ड एग तव्यावर दोन-तीन मिनिटांत होते. अंडी चोवीस झाली की हीच कृती हाताबाहेर जाते. कढईत फेटलेल्या अंड्यांचा थर चार-पाच सेंटीमीटर जाड होतो आणि आच मात्र फक्त तळाला लागते. तळचा थर शिजून चिवट होतो, तेव्हा वरचे मिश्रण अजून कोमटच असते. तळ लागू नये म्हणून सतत ढवळत राहावे, तर जमू लागलेल्या गुठळ्या मोडून त्यांचे बारीक कण होतात. शेवटी हाती येतात ते कोरडे कण आणि त्यांच्याभोवती सुटलेले पाणी. चार-चार अंड्यांचे घाणे काढावेत, तर सहावा घाणा उतरेपर्यंत पहिला गार झालेला असतो, आणि करणाऱ्याला सगळ्यांबरोबर खायला बसता येत नाही.

भुर्जी-पावच्या गाडीवर ही अडचण येत नाही, कारण तिथे कितीही गर्दी असली तरी प्रत्येक प्लेट वेगळी होते. तापलेला तवा, त्यावर कांदा-मिरची-टोमॅटो, वर फोडलेली दोन अंडी आणि कालथ्याची न थांबणारी खटखट. भुर्जीला रवाळ, मोकळा पोतच हवा असतो. तो तेज आच आणि सतत ढवळणे यांतूनच येतो. स्क्रॅम्बल्ड एगला याच्या नेमके उलटे हवे असते: मोठ्या, मऊ, ओलसर आणि हलक्या गुठळ्या. पारशी घरांतली अकूरी या दोहोंच्या मध्ये बसते. तिच्यात कांदा, आले-लसूण, मिरची, कोथिंबीर असा मसाला असतो. पण आच मंद ठेवतात आणि अंडे पुरते घट्ट होण्याआधीच उतरवतात.

मोठ्या संख्येसाठी ओव्हनचा मार्ग रुळला तो मुख्यतः अमेरिकेतल्या घरांत. नाताळची सकाळ, चर्चमधली सामुदायिक न्याहारी, शिबिरे, घरी मुक्कामाला आलेले पाहुणे अशा प्रसंगी फेटलेली अंडी लोणी लावलेल्या उथळ भांड्यात ओतून ओव्हनमध्ये सरकवली जातात. वीस-पंचवीस मिनिटांत दहा-बारा जणांचे एकदम तयार होते आणि तेवढ्या वेळात हात इतर कामांना मोकळे राहतात. ही रीत ओव्हनचे तापमान विश्वासाने राखता येते म्हणूनच शक्य झाली. ब्रिटनमध्ये 1923 साली ‘रेग्युलो’ हा तापमान-नियंत्रक घरगुती गॅस ओव्हनला बसवला जाऊ लागला, त्याआधी आच सांभाळणे हे रांधणाऱ्याच्या अंदाजावरच होते. आचेत दहा-वीस अंशांचा फरक मांसाच्या मोठ्या तुकड्याला सोसतो, अंड्याला तितका सोसत नाही. हॉटेलांच्या मोठ्या स्वयंपाकघरांत पुढे वाफ आणि गरम हवा एकत्र वापरणारे ‘कॉम्बी ओव्हन’ आले. असा पहिला ओव्हन ‘रॅशनल’ या जर्मन कंपनीने 1976 साली आणला. बुफेवरच्या मोठ्या ट्रेमधले अंडे आता पुष्कळदा अशाच ओव्हनमधून येते.

ही रीत नीट साधायची तर अंडे तापताना त्याच्या आत काय घडते ते पाहावे लागते. टरफल वगळता अंड्याच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो, 12 ते 13 टक्के प्रथिने आणि 10 टक्क्यांच्या आसपास स्निग्ध पदार्थ. पांढऱ्या बलकात जवळजवळ 90 टक्के पाणीच असते. स्निग्धांश सगळा पिवळ्या बलकात. कच्च्या अंड्यात प्रथिनांच्या लांब साखळ्या घड्या घालून, गुंडाळून पाण्यात तरंगत असतात. उष्णता मिळाली की या घड्या उलगडतात, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे जाळे तयार होते. पाणी कुठे जात नाही, या जाळ्याच्या छिद्रांत अडकून राहते. पातळ अंडे घट्ट होते ते असे. जाळे सैल आहे तोवर अंडे मऊ आणि ओलसर लागते. उष्णता मिळतच राहिली तर साखळ्या आणखी जवळ येतात, जाळे आवळले जाते आणि आतले पाणी बाहेर पिळले जाते. घरच्या भाषेत यालाच अंड्याला पाणी सुटणे म्हणतात.

सगळी प्रथिने एकाच तापमानाला साकळत नाहीत, आणि इथेच पाककृतीला थोडी सवड मिळते. पांढऱ्या बलकातले ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन 60 अंश सेल्सियस ओलांडले की लगेच जमू लागते. पिवळा बलक 65 अंशांना दाट होऊ लागतो आणि 70 च्या सुमारास बसतो. पांढऱ्या बलकातल्या प्रथिनांत निम्म्याहून अधिक वाटा असलेले ओव्हाल्ब्युमिन मात्र 80 अंशांपर्यंत तग धरते. दोन्ही बलक एकत्र फेटले की मिश्रण साधारण 73 अंशांना जमते. दूध घातले तर प्रथिने विरळ होतात आणि हा आकडा थोडा वर सरकतो. म्हणजे अंडे पातळ असते ते 65 अंशांच्या खाली, आणि रबरासारखे होऊ लागते ते 80 च्या वर. चांगले स्क्रॅम्बल्ड एग या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात घडते. दोन अंड्यांच्या तव्यावर हा पट्टा काही सेकंदांत ओलांडला जातो. ओव्हनमध्ये तो ओलांडायला काही मिनिटे लागतात, आणि गर्दीसाठी ओव्हन उपयोगी पडतो तो याच कारणाने.

हलकेपणा येतो हवेमुळे. अंडी फेटताना त्यांत असंख्य बारीक बुडबुडे शिरतात. मिश्रण तापले की बुडबुड्यातली हवा प्रसरण पावते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भोवतालच्या पाण्याची वाफ बुडबुड्यात येते. नुसती हवा 20 अंशांवरून 70 अंशांपर्यंत तापवली तर सहाव्या हिश्शाइतकीच फुगते. वाफेची भर धरली तर तोच बुडबुडा दीडपटीहून मोठा होतो. तो मोठा झालेला असतानाच भोवतीचे जाळे जमले, तर गुठळी आतून सच्छिद्र राहते. कडेला तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूजवळ जाते, तिथे वाफ जास्त धरते आणि अंडे भांड्याच्या काठाशी फुगून वर येते. हा फुगवटा टिकाऊ नसतो. ओव्हनबाहेर काढल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि तो बसतो. म्हणून काठावर टम्म फुगलेल्या अंड्यावर हलकेपणाचा भरवसा ठेवू नये. खरा हलकेपणा असतो तो मधल्या मऊ गुठळ्यांत.

आता ओव्हनकडे. तापमान 175 ते 180 अंश ठेवतात. अंडे 80 अंशांना बिघडत असताना 180 अंशांची भट्टी कशी चालते, असा प्रश्न इथे पडतो. उत्तर हवेच्या स्वभावात आहे. 180 अंशांच्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घातला तर ऊब लागते, पण त्याच ओव्हनच्या जाळीला बोट टेकले तर भाजते. दोन्हींचे तापमान एकच. हवा उष्णता सावकाश देते, धातू झटक्यात देतो. गॅसवरच्या तव्यापेक्षा तापलेल्या ओव्हनमधली अंड्याला मिळणारी आच सौम्य असते ती यामुळे. शिवाय ती तळ, काठ आणि वरून अशी चहूकडून येते. जुन्या फ्रेंच स्वयंपाकघरांत हेच काम गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्याने केले जाई. ऑग्युस्त एस्कॉफिए यांच्या 1903 सालच्या ‘ल गिद क्युलिनेर’ या ग्रंथात स्क्रॅम्बल्ड एगला अंड्यांच्या पदार्थांत फार मानाचे स्थान आहे, आणि पाण्यावरची जुनी पद्धत खात्रीची असली तरी वेळखाऊ असल्याची नोंदही आहे. ओव्हनमध्येही मोठ्या ट्रेत गरम पाणी घालून त्यात अंड्याचे भांडे बसवता येते. कडा मग शंभर अंशांच्या वर जात नाहीत आणि पोत अधिक रेशमी येतो. मात्र वेळ बराच वाढतो आणि कढत पाण्याने भरलेला ट्रे हलवणे जोखमीचे असते. एकदा-दोनदा ढवळण्याची तयारी असेल तर घरगुती पंगतीसाठी या खटाटोपाची गरज नाही.

आच सौम्य असली तरी सगळीकडे सारखी पोचत नाही. आधी काठ जमतात, मग तळ, आणि सगळ्यात शेवटी मध्यभाग. इथे थराची जाडी निर्णायक ठरते. न ढवळलेल्या मिश्रणाच्या आत उष्णता पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: थर दुप्पट जाड तर वेळ सुमारे चौपट. मध्यभाग जमेपर्यंत मग काठाचे रबर होते. म्हणून मिश्रण अडीच ते तीन सेंटीमीटरपेक्षा खोल असू नये. 23 बाय 33 सेंटीमीटरच्या प्रचलित बेकिंग डिशमध्ये चोवीस अंडी दुधा-लोण्यासह ओतली की थर नेमका अडीच सेंटीमीटरच्या आसपास येतो. अमेरिकन घरांत हे भांडे आणि ही संख्या यांची जोडी जमली आहे ती बरोबर आहे. भारतात अंडी तीसच्या ट्रेमध्ये येतात. पूर्ण ट्रे फोडायचा तर थर तीन सेंटीमीटरला टेकतो, आणि तीच या भांड्याची मर्यादा समजावी. साठ अंडी करायची असतील तर दोन भांडी घ्यावीत. एकाच खोल पातेल्यात साठ अंडी ओतणे हा या पदार्थाचा हमखास नाश आहे.

घरोघरी असलेल्या छोट्या ओटीजीत 33 सेंटीमीटरचे भांडे मावेलच असे नाही. 20 सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी केक-टिनमध्ये बारा अंडी घेतली तर थराची जाडी तीच राहते, आणि जाडी तीच म्हणून पाककृतीही तीच चालते. छोट्या ओटीजीत वरचा रॉड भांड्याच्या फार जवळ असतो, तेव्हा भांडे खालच्या खाचेत ठेवावे. पंखा चालणाऱ्या ओव्हनमध्ये हवा खेळती असल्याने उष्णता लवकर पोचते. तिथे तापमान वीस अंशांनी उतरवून 160 ठेवावे. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडलाही हेच लागू होते.

भांडे कशाचे आहे त्यानेही फरक पडतो. ॲल्युमिनियमचा ट्रे लवकर तापतो आणि बाहेर काढल्यावर लवकर निवतो. काचेचे भांडे सावकाश तापते, पण ओव्हनबाहेर आल्यावरही कितीतरी वेळ अंडे शिजवत राहते. काचेच्या भांड्यातले अंडे म्हणून आणखी थोडे आधी बाहेर काढावे लागते. लोणी भांड्यातच टाकून ते ओव्हनमध्ये वितळवण्याची पद्धत धातूच्या ट्रेला चालते. तापलेल्या काचेत फ्रिजमधले थंड मिश्रण ओतले तर ती तडकू शकते. काचेचे भांडे असेल तर लोणी वेगळे वितळवावे. बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या भांड्यात अंडे काळपट-हिरवट पडण्याचा धोका असतो, त्यामुळे पंगतीच्या कामाला ते नको. स्टेनलेस स्टील किंवा एनॅमल चांगले.

प्रमाणाचा हिशेब माणशी दोन अंडी असा धरतात. सोबत पोहे, उपमा, पाव-भाजी असे आणखी काही असेल तर दीड अंडे पुरते. बारा जणांसाठी चोवीस अंडी, 400 ते 450 मिलिलिटर दूध, 100 ग्रॅम लोणी आणि दोन सपाट चहाचे चमचे मीठ हे भारतीय अंड्यांसाठी योग्य प्रमाण आहे. अमेरिकन पाककृतींत चोवीस अंड्यांना अडीच कप, म्हणजे 600 मिलिलिटर दूध सर्रास सांगितलेले असते. तिथले ‘लार्ज’ अंडे टरफलासह सुमारे 57 ग्रॅमचे असते. भारतीय बाजारातले अंडे पुष्कळदा त्याहून लहान भरते. अंडी लहान आणि दूध तेवढेच, असे झाले की जाळे कमी पडते आणि पाणी सुटते. पाककृती जशीच्या तशी उचलल्याने पदार्थ फसतो त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

दुधाचे काम दुहेरी आहे. त्यातले पाणी वाफ पुरवते, आणि प्रथिनांच्या साखळ्यांमधले अंतर वाढवून जाळे लवकर आवळू देत नाही. पण अंड्यामागे 25 मिलिलिटरच्या पुढे दूध गेले की पदार्थ स्क्रॅम्बल्ड एग राहत नाही, कस्टर्डकडे झुकू लागतो. त्या टोकाचा उत्तम नमुना म्हणजे पारशी लग्नातले ‘लगन-नु-कस्टर्ड’. अंडी, आटवलेले दूध, साखर, वेलची-जायफळ यांचे हे मिश्रण पंगतीसाठी मोठ्या ट्रेमध्ये भाजले जाते. दूध भरपूर, ढवळणे अजिबात नाही आणि वर खरपूस साय धरलेली. तेच अंडे, तीच भट्टी, आणि पोत पूर्ण वेगळा. दुधाऐवजी काही भाग साय किंवा ताजे क्रीम घेतले तर चव आणि मऊपणा वाढतो, हलकेपणा थोडा कमी होतो. स्निग्ध कण प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींना घट्ट धरू देत नाहीत, लोणी घालण्यामागेही हेच कारण. बाजारातले पिवळे बटर बहुधा खारे असते; ते वापरल्यास मीठ निम्म्यावर आणावे.

मीठ शेवटी घालावे, आधी घातल्यास अंडे पातळ होते, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. प्रत्यक्षात मीठ फेटतानाच घालून मिश्रण दहा-पंधरा मिनिटे ठेवले तर अंडे अधिक मऊ होते. मिठाचे आयन प्रथिनांवरचा विद्युतभार झाकतात, त्यामुळे साखळ्या कमी तापमानाला आणि सैलसर जुळतात, शिजल्यावर पाणीही कमी सोडतात. मिश्रणाचा रंग यात थोडा गडद केशरी दिसू लागतो, ते बिघाडाचे लक्षण नाही.

अंडी फोडण्यात घाई नको. प्रत्येक अंडे आधी छोट्या वाटीत फोडून, पाहून, मगच मोठ्या पातेल्यात ओतावे. दोन अंड्यांत एक खराब निघाले तर दोनच जातात. चोविसाव्याला खराब निघाले तर आधीची तेवीस वाया जातात. सगळी जमल्यावर दूध आणि मीठ घालून व्हिस्कने फेटावीत. पांढऱ्या बलकाचे पारदर्शक, बुळबुळीत धागे दिसेनासे होऊन मिश्रण एकसारखे पिवळे वाहू लागले की थांबावे. फार फेटले, विशेषतः मिक्सरमधून काढले, तर वर फेसाचा जाड थर येतो. तो ओव्हनमध्ये आधी सुकतो आणि स्पंजसारखी साल धरतो. तसे झालेच तर मिश्रण दहा मिनिटे ठेवून वरचा फेस काढून टाकावा. गाळणीतून एकदा गाळले तर टरफलाचे चुकार तुकडे आणि पिवळ्या बलकाला धरून ठेवणारे पांढरे पिळदार तंतू निघून जातात. वितळलेले लोणी कोमट असावे. कढत लोणी थंड दुधात ओतले तर ते जागोजागी थिजून कण धरते. निम्मे लोणी भांड्याला तळापासून काठापर्यंत नीट माखावे, उरलेले मिश्रणात घालावे. काठ कोरडा राहिला तर अंडे तिथेच आधी चिकटते, आणि ते भांडे घासणे जिवावर येते.

ओव्हन आधी पूर्ण तापलेला हवा. भांडे मधल्या खाचेत, झाकण न घालता ठेवावे. पहिली आठ-दहा मिनिटे दार उघडू नये. त्यानंतर उघडले की काठाशी दोन बोटे रुंदीची फिक्या पिवळ्या, घट्ट अंड्याची चौकट दिसते. आत मिश्रण पातळच असते, पण भांडे हलवले तर पाण्यासारखे हिंदकळत नाही, किंचित जड होऊन लहरते. हीच पहिल्या ढवळण्याची वेळ. सिलिकॉनचा सपाट कालथा काठाला टेकवून घट्ट झालेले अंडे रुंद पट्ट्यांत मध्यभागाकडे ओढावे, तळही खरवडून घ्यावा, आणि मधले पातळ मिश्रण काठाकडे वाहू द्यावे. गोल गोल घुसळू नये. इथे हात आवरणे फार महत्त्वाचे आहे, कारण गुठळी जितकी मोठी राहील तितके पाणी आणि हवा ती आत धरून ठेवते.

पुढे दर चार-पाच मिनिटांनी हेच करावे. दुसऱ्या ढवळण्याच्या वेळी गुठळ्या आणि पातळ मिश्रण साधारण निम्मे-निम्मे दिसते. तिसऱ्या वेळी पातळ असे काही उरत नाही. गुठळ्यांवर ओली चकाकी असते आणि कालथ्याने बाजूला सारल्यावर तळाला दाट, सायीसारखा ओघळ दिसतो. भांडे याच क्षणी बाहेर काढायचे असते. वीस मिनिटे लागतील की पंचवीस, हे भांड्यावर, अंडी फ्रिजमधली की बाहेरची यावर आणि ओव्हनवर अवलंबून असते. घड्याळापेक्षा चकाकी पाहावी. अन्नात खुपसायचा थर्मामीटर असेल तर मधल्या गुठळीत 71 अंश दिसावेत. बाहेर काढल्यावरही भांड्याची आणि कडेच्या अंड्याची उष्णता आत जात राहते आणि मध्यभाग आणखी दोन-तीन अंश चढतो. ओव्हनमध्येच पूर्ण कोरडे दिसेपर्यंत ठेवलेले अंडे ताटात पडेपर्यंत जास्त शिजलेले असते. बाहेर काढल्यावर एकदा हलक्या हाताने खालीवर करून दोन मिनिटे ठेवावे, मग वाढावे.

न ढवळता भाजले तर काय होते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. मिश्रण आधी सगळीकडून फुगते, मग बसते आणि त्याची एकसंध, वडीसारखी कापता येणारी चादर होते. सँडविचमध्ये किंवा पावात घालायला ती सोयीची. तिच्यासाठी थर दीड सेंटीमीटरचा आणि वेळ कमी लागतो. तो वाईट पदार्थ नव्हे, फक्त त्याची जात वेगळी.

भाज्या, मसाला आणि चीज घालण्याचा मोह पंगतीच्या पदार्थात हमखास होतो. कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, मशरूम या सगळ्यांत भरपूर पाणी असते, आणि कच्चे घातले तर ते पाणी नेमके अंडे जमत असताना सुटते. आधी परतून, पाणी आटवून, निववून घ्यावे आणि पहिल्या ढवळण्याच्या वेळी मिसळावे. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाकलेला बरा. हळद-तिखट घालायचे तर ते परतलेल्या कांद्यात, लोण्यात फुललेले असावे. कोरडी पूड फेटलेल्या अंड्यात विरघळत नाही, गाठी धरते. किसलेले चीज शेवटच्या दोन मिनिटांत, कोथिंबीर आणि मिरपूड भांडे बाहेर आल्यावर. बेकिंग पावडर घातल्याने अंडे अधिक फुलते असे सांगितले जाते. तिची गरज नसते, आणि थोडी जास्त झाली तर चव साबणासारखी लागते.

वाढायला उशीर होणार असेल तर मात्र थोडा कॉर्नफ्लोअर कामाला येतो. चोवीस अंड्यांना दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून मिश्रणात घालावा. पिठातला स्टार्च पाणी धरतो आणि प्रथिनांच्या साखळ्यांच्या मध्ये येऊन त्यांना आवळू देत नाही. अर्धा तास ठेवलेले अंडेही मग ओलसर राहते. लगेच वाढायचे असेल तर तो घालू नये. चवीत एक पिठूळपणा येतो, तो जाणकाराला कळतो.

ठेवलेल्या अंड्याचा दुसरा शत्रू हिरवा रंग. पांढऱ्या बलकातल्या प्रथिनांत गंधक असते. जास्त वेळ तापल्यावर त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि पिवळ्या बलकातल्या लोहाशी संयोग पावून आयर्न सल्फाइड होते. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवतीची करडी-हिरवी कड हीच. ती खाल्ल्याने अपाय होत नाही, पण पिवळा ढीग हिरवट दिसू लागला की कोणी हात लावत नाही. शिळ्या अंड्यांत हे लवकर घडते. ताज्या पांढऱ्या बलकाचा पीएच 7.6 ते 8 च्या आसपास असतो. टरफलाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर तो 9 च्या वर जातो, आणि अल्कधर्मी बलकात गंधक सहज सुटते. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या अंड्यांत हा बदल काही दिवसांतच होतो. ताजी अंडी घेणे आणि वेळेत आच बंद करणे हा मुख्य उपाय. जास्त वेळ ठेवायचेच असेल तर फेटताना चोवीस अंड्यांना एक चहाचा चमचा लिंबाचा रस घालतात. आम्लामुळे रंग टिकतो आणि एवढ्या प्रमाणात चव बदलत नाही. मोठ्या प्रमाणावर पुरवल्या जाणाऱ्या द्रवरूप अंड्यांत सायट्रिक ॲसिड घातलेले असते ते याचसाठी.

स्वच्छतेच्या बाबतीत पंगतीचे अंडे घरच्या न्याहारीपेक्षा नाजूक असते. साल्मोनेला हा जंतू टरफलावर असू शकतो आणि क्वचित अखंड अंड्याच्या आतही. एका अंड्यातला संसर्ग एकत्र फेटल्यावर चोवीस अंड्यांत पसरतो, आणि खोलीच्या उबेत वाढत जातो. फोडलेली अंडी म्हणून तासन्‌तास बाहेर ठेवू नयेत. आदल्या रात्री फोडून ठेवायची असतील तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि सकाळी पुन्हा एकदा फेटून घ्यावीत. अमेरिकेच्या कृषी विभागाने अंड्याच्या पदार्थांसाठी 71 अंशांची मर्यादा घालून दिली आहे. पंगतीत लहान मुले, गरोदर स्त्रिया किंवा वृद्ध माणसे असतील तर ती काटेकोर पाळावी. अकूरीसारखे अर्धवट ओले अंडे त्यांना वाढू नये. सुदैवाने 71 अंशांना अंडे मऊच असते, त्यामुळे सुरक्षितता आणि चव यांत इथे झगडा नाही.

शिजलेले अंडे 60 अंशांच्या वर ठेवले तर जंतू वाढत नाहीत. भांडे फॉइलने सैलसर झाकून, आच उतरवून 75-80 अंशांवर आणलेल्या ओव्हनमध्ये किंवा कढत पाण्यावरच्या ट्रेमध्ये अर्धा तास ते नीट राहते. घट्ट झाकल्यास वाफेचे पाणी वरून ठिबकते. पन्नास-साठ माणसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर सगळे एकदम करून ठेवू नये. दोन ट्रे वीस मिनिटांच्या अंतराने ओव्हनमध्ये घालावेत, म्हणजे पहिला संपत येतो तेव्हा दुसरा बाहेर पडतो. दोन ट्रे एकाच वेळी वरखाली ठेवायचे असतील तर प्रत्येक ढवळण्याच्या वेळी त्यांची जागा बदलावी आणि एकूण वेळात पाच-सात मिनिटे अधिक धरावीत.

उरलेले अंडे दोन तासांच्या आत उथळ डब्यात पसरून फ्रिजमध्ये जावे आणि दोन-तीन दिवसांत संपावे. पुन्हा गरम करताना ते नुसते तापवले तर चिवट होते. चमचाभर दूध शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणावी, किंवा कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून त्याची भुर्जी करावी, जिच्यासाठी मोकळा, रवाळ पोत चालतो.